तीन वेतांचा परदेश

माझा मुलगा परदेशी गेला आहे असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, कम्प्युटरमध्ये का? मी सांगते, नाही, गाईंमध्ये. मग समोरचा माणूस विषय बदलतो. मुरबाडच्या बाजारात एका बाईंनी तर हळूच माझ्या हातावर हात ठेवला, जणू काही दुःखाची बातमी दिली मी.

हितेश न्यूझीलंडमध्ये एका मोठ्या गोठ्यावर कामाला आहे. सहाशे गाई आहेत तिथे. त्याची बायको मिताली सोबत गेली आहे. आमची जेवणं उरकतात तेव्हा तिकडे त्यांची पहाट होते, आणि तो धारेला जायच्या आधी फोनवर पाच मिनिटं भेटतो. म्हणून अलीकडे मी उशिरापर्यंत जागी असते. फोन झाल्यावर झोप लागत नाही, मग हे असं काहीतरी लिहीत बसते.

आमचं घर म्हसा रस्त्याला आहे. भाताची शेती, भात निघालं की वाल. हितेशचे बाबा, धर्मा, एमआयडीसीत नोकरी करून शेती सांभाळत आले. मी वाशिंदची, कल्याणला जाऊन बी.ए. झालेली. मुलाने शिकावं आणि खुर्चीवर बसावं एवढीच माझी इच्छा होती. पण हा मुलगा लहानपणापासूनच जनावरांत. म्हशाच्या जत्रेला बाकीची पोरं पाळण्यात बसायला रडत, हा बैलांच्या बाजारात कुणाच्याही बैलाची शिंगं चोळत उभा राही. एकदा तो हरवला म्हणून मी माइकवरून नाव पुकारायला लावलं, तर घाटावरचा एक व्यापारी त्याला घेऊन आला. म्हणाला, "ताई, पोरगा नेऊ नका, बरा मदतीला आहे."

बारावीनंतर त्याने दूधधंद्याची पदविका केली. तीन वर्षं माळशेज ओलांडून जुन्नरकडे यंत्राने दूध काढणाऱ्या एका गोठ्यावर काम केलं आणि परत आला तो तीन म्हशींचा बेत घेऊनच. म्हशी आल्या आणि मुली येईनाशा झाल्या. पाहायला येणारे लोक आधी गोठ्याकडे बघत, मग घराकडे, आणि चहा पिऊन जात. शेण काढावं लागेल का, असं प्रत्येक मुलीची आई विचारी. माझ्याच माहेरगावची मिताली आली तेव्हा तिने स्वतःच सांगून टाकलं, शेणाला मी हात लावणार नाही, पण दूध विकून दाखवीन. ती फार्मसी शिकलेली, दुकानात उभं राहून बोलायची सवय असलेली. लग्नानंतर सहा महिन्यांत वाशिंदच्या नव्या बिल्डिंगांमध्ये आमचं दूध जायला लागलं. कोण घरी आहे, कोण सुट्टीला गेलं, कुणाकडे पाहुणे आहेत, सगळं तिच्या फोनमध्ये. हितेश फक्त मोटरसायकल चालवी. शेणाला तिने खरोखर कधी हात लावला नाही आणि मीही तिला कधी लावायला सांगितला नाही. मलाच ते काम आवडत नसे.

असं सगळं बरं चाललं असताना भाविकचा फोन आला. भाविक म्हणजे जुन्नरच्या गोठ्यावर हितेशबरोबर कामाला असलेला मुलगा. त्याला न्यूझीलंडला जाऊन वर्ष झालं होतं आणि त्याच्या मालकाला आणखी एक माणूस हवा होता. मुलाखत फोनवर झाली. मालकाने विचारलं, गाईची कास सुजायला लागली आहे हे तू कसं ओळखतोस? हितेशचं इंग्रजी तिथे संपलं. तो फोन घेऊन सरळ गोठ्यात गेला, एका म्हशीजवळ बसला आणि हाताने दाखवायला लागला. म्हशीने मान वळवली आणि फोन चाटला. पलीकडे मालक आणि त्याची बायको दोघं हसताना मी दारातून ऐकलं. तेव्हाच मला कळलं की हा आता जाणार.

जाणार हे कळलं. किती दिवसांसाठी ते कळेना. तिथे काही वर्षं काम केलं की कायमचं राहायचा अर्ज करता येतो, असं भाविक सांगत होता. आमच्या ओळखीतले दुबईला गेलेले लोक दर दोन वर्षांनी येतात आणि म्हातारपणी परत येतात, त्यामुळे तो हिशेब मला माहीत होता. हा नवीन होता. मी हितेशला विचारी, कायमचा जातोस की थोड्या दिवसांसाठी? तो म्हणे, बघू. मितालीला एकटीला गाठून विचारलं. ती प्रामाणिकपणे म्हणाली की तिला तिकडे राहून बघायचं आहे, आवडलं तर राहावंसं वाटेल, पण न बघता कसं सांगू? तिचंही बरोबर होतं. पण माझा स्वभाव असा की बरोबर असलेल्या उत्तराने माझी काळजी जात नाही. मी त्या गावाचं हवामान फोनवर बघायला लागले. तिथे भूकंप होतात हे मला कळायला नको होतं, तेही कळलं.

एकदा जेवताना मी म्हटलं, "हितेश, कायमचा म्हण, मी एकदाच रडून मोकळी होते. थोड्या दिवसांसाठी म्हण, मग रडतच नाही. हे अधलंमधलं मला जमत नाही."

"मग अर्धंच रड ना गो आई," तो म्हणाला आणि भाकरी घेतली.

तो बोलत नव्हता म्हणून सगळं गाव त्याच्या म्हशींकडे बघायला लागलं. फेब्रुवारीत त्याने भिवंडीकडच्या एका गोठेवाल्याला तीन म्हशी विकल्या. गावाने निकाल दिला की पोरगा गेला. मी मात्र चौथीवर लक्ष ठेवून होते. चौथी म्हणजे मोगरी, त्यातल्याच एकीची, आमच्या घरी जन्मलेली पारडी, अजून गाभ न राहिलेली. तिला विकण्याचं नाव तो काढत नव्हता. मी तेवढ्यावर दिवस काढत होते.

मार्चमध्ये एके सकाळी नवशा आला. नवशा वैशाखरे गावचा. त्याच्या घरामागे डोंगराचं रान आहे आणि तो लोकांची जनावरं वाट्याने सांभाळतो. आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे. पारडी त्याच्याकडे द्यायची, ती व्याली की दूध त्याचं आणि पारडं आळीपाळीने, पहिलं त्याचं, दुसरं धन्याचं. ठरलेली वेतं, म्हणजे बाळंतपणं, झाली की म्हैस धन्याच्या घरी परत. हितेशनेच त्याला बोलावलं होतं, मला न सांगता.

नवशाने मोगरीला पुढून मागून पाहिलं, दात पाहिले, ओटीवर येऊन बसला आणि पिशवीतून एक नवं कोरं दावं काढून शेजारी ठेवलं. विकलेल्या जनावराबरोबर आपण आपलं दावं देत नाही, घेणाऱ्याने स्वतःचं आणायचं असतं. वाट्याने द्यायचं तर घरचंच दावं जातं. म्हणजे नवशा विकत घ्यायच्या तयारीने आला होता.

"तुझा बापूस म्हनत हुता, तुझा काय ठरत नाय," नवशा हितेशला म्हणाला. "म्हनून दावं घेऊन आलो. आता सांग. कायमचा चाल्लास त पैसं देतो, पारडी माझी. परत येनार हायस त वाट्यानं सांभाळतो."

हितेश म्हणाला, "नवशाकाका, बघू ना."

"बगू म्हनून म्हैस कोन ठेवत नाय रे. ती माझ्या दारात किती वेतं ऱ्हानार, ता मला कळाया नको?"

मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी राहिले. मी चार महिने विचारत होते तो प्रश्न या माणसाने चहा यायच्या आत विचारला होता, आणि हितेशला आता भाकरी घ्यायचीही सोय नव्हती.

"दोन वेतं," हितेश म्हणाला.

"तीन," मिताली दारातून म्हणाली.

नवशाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमी दोगं आत जाऊन ठरवून या. मी तवर च्या पितो."

दोघं खरोखर आत गेली. आतून कुजबुज येत होती, मध्येच मितालीचा आवाज चढत होता, मग दोघांचं हसू. इकडे ओटीवर हितेशचे बाबा, नवशा आणि मी वाट बघत होतो. हितेशचे बाबा बशीत ओतलेला चहा न पिता हातात धरून बसले होते. मला लग्न ठरवायला बसल्यासारखं वाटत होतं, फक्त नवरी गोठ्यात होती.

दोघं बाहेर आली. हितेश म्हणाला, "तीन. तिसऱ्या वेतानंतर मी म्हैस घेऊन जाईन."

"आन् नाय आलास त?"

"नाही आलो तर तुमची," मिताली म्हणाली.

हितेशने तिच्याकडे पाहिलं. नवशा मान हलवून म्हणाला की असं बोललेलं बरं, आता दोन्ही बाजूंनी फसवणूक नाही. त्याने आपलं कोरं दावं पिशवीत परत घातलं. हितेश गोठ्यात गेला आणि मोगरीला तिच्याच दाव्याने धरून नवशाने आणलेल्या टेम्पोपर्यंत घेऊन आला. हितेशचे बाबा चहा प्यायले आणि नवशाला म्हणाले, "जेवूनच जा."

मला हवं होतं तसं उत्तर हे नव्हतं. पण बघूपेक्षा बरंच बरं होतं. फक्त एक अडचण होती. वेत म्हणजे नक्की किती दिवस, हे मला ठाऊक नव्हतं. रात्री हितेशच्या बाबांना विचारलं, तर म्हणाले, म्हशीवर आहे. एखादी दरवर्षी व्याते, एखादी दोन वर्षं लावते, एखादी गाभच राहत नाही. मी उठूनच बसले. म्हणजे माझा मुलगा कधी येणार, हे आता त्या म्हशीवर होतं? ते म्हणाले, "तसं नसतं गो," आणि झोपले. तसं नसतं हे मलाही कळतं. मी बी.ए. आहे.

मे महिन्यात दोघं गेली. विमानतळावर मी पूर्ण रडले, अर्धं जमलं नाही. पंधरा दिवस घर खायला उठलं. मग एका रविवारी मी डब्यात पेंड भरली आणि एसटीने वैशाखऱ्याला गेले, मोगरीला बघायला. नवशाला वाटलं मी तपासणी करायला आले. त्याची बायको रंभा मात्र पहिल्याच वेळी ओळखून चुकली. तिने मला गोठ्यात नेलं, मोगरीपाशी पाट टाकून बसवलं आणि ती चुलीकडे गेली. तेव्हापासून पंधरा दिवसांतून एकदा पेंड घेऊन जाते. पावसात एसटी उशिरा येई, तरी जात होते.

भाद्रपदात मोगरी माजावर आली, डॉक्टरांनी येऊन रेड्याचं बी भरलं. तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर आली, म्हणजे ते फुकट गेलं. मी रंभाला विचारलं, खाते ना नीट? पाणी पिते ना? रात्री बाहेर तर बांधत नाही ना? रंभा हातातलं काम सोडून हसत सुटली.

"वयनी, सुनेला इचारायचा ता तुमी म्हशीला इचारताव," ती म्हणाली.

मग मलाही हसू आलं. सुनेला मी विचारत नाही, हे खरं आहे. ती एवढ्या लांब, तिला नव्या गावात औषधांच्या दुकानात काम मिळालेलं, त्यासाठी पुन्हा परीक्षा द्यायची आहे. तिला आणखी काही विचारायची माझी हिंमत नाही. मोगरीला विचारायला काही हरकत नसते.

दुसऱ्यांदा भरलं ते राहिलं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी हात घालून पाहिलं आणि गाभण आहे म्हणून सांगितलं. नवशाने फोन केला तेव्हा मी बाजारात होते. मी तिथल्या तिथे पेढे घेतले. दुकानदाराने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, अजून व्हायचं आहे.

ती बातमी मी आज हितेशला सांगितली, कारण आठवडाभर त्याच्याकडे नेटवर्क धड नव्हतं. तो बुटांत पाय घालत होता, फोन कुठेतरी टेकवून ठेवलेला, मला फक्त त्याचा गुडघा दिसत होता. कुठल्या रेड्याचं बी भरलं, डॉक्टर कोण होते, कास कशी आहे, सगळं विचारून झालं. मग म्हणाला, "आई, पहिलं पारडू नवशाकाकाचं. दुसरं आपलं. दुसरी पारडी झाली तर विकू नका हां, ठेवायची आहे."

मी म्हटलं, ठेवीन, पण मोठी कोण करणार? तुझ्या बाबांना आता गोठ्याचं होत नाही, आणि मला येत नाही.

मागून मितालीचा आवाज आला. ती डबा भरत असावी. "आई, तोवर आम्ही येऊ की."

हितेशचा गुडघा हलायचा थांबला. मी काही विचारलं नाही. मग तीच घाईघाईने म्हणाली, "म्हणजे, बघू."

"बघा, बघा," मी म्हटलं. "जा आता, तुमच्या गाई वाट बघत असतील."

फोन ठेवला आणि हितेशच्या बाबांना उठवून शब्दन् शब्द सांगितला. ते कुशीवर वळले.

"बघू म्हणाली ना?" ते म्हणाले. "मग पेंड चालू ठेव."