लिंबाला बांधलेली शेळी

लिंबाला बांधलेली ती शेळी आजही डोळ्यांसमोर येते, आणि आजही डोकं तापतं.

बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात मी ठाणेदार होतो. ग्रामपंचायतीची निवडणूक लांबल्यामुळे तिथे प्रशासक नेमलेला. लष्करातून निवृत्त होऊन सरकारी नोकरीत आलेला हा गडी, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं मोजकं. गावच्या पुढाऱ्याला असाच माणूस हवा होता. ज्या वस्तीने मागच्या निवडणुकीत पुढाऱ्याला मतं दिली नव्हती, ती ऊसतोडीला गेल्यावर प्रशासकाने तिथली घरं जेसीबीने पाडली. एका घरात बहिरा म्हातारा झोपला होता. भिंतीखाली सापडून तो गेला.

"अकस्मात मृत्यूची नोंद करा आणि मिटवा," मला वरून फोन आला.

म्हाताऱ्याचा मुलगा कारखान्यावरून आला होता. ठाण्याच्या पायरीवर बसून म्हणाला, "सायेब, माजा बाप आपोआप मेला असं लिवू नका."

पंचनाम्याच्या वेळी जेसीबीवाला माझ्याजवळून जाताना पुटपुटला, "प्रशासकाला शेळीचं इचारा, सायेब." म्हाताऱ्याच्या पडलेल्या दारासमोर शेळीचा खुंटा होता, ओला पाला होता. शेळी मात्र लांब लिंबाला बांधलेली.

प्रशासकाला चौकशीला बोलावलं. ताठ बसून म्हणाला, "घर रिकामं होतं. सगळे तोडीला गेलेले."

"शेळी कोणी हलवली?"

"मीच हलवायला लावली. मुक्या जनावराला इजा कशाला?" वर पुन्हा अभिमान!

"रिकाम्या घराच्या शेळीला ताजा पाला कोण टाकतं हो?"

त्याने कडक कॉलर सारखी केली. "मी फक्त वरचा आदेश पाळला."

नाझींनी जिंकलेल्या मुलखात लष्करातून येऊन गावांचा कारभार पाहणारे अधिकारीही नंतर असंच म्हणाले, हे मी पुढे वाचलं. मला नवल वाटलं नाही. असा माणूस क्रूर दिसत नाही, शेळीची काळजीही घेतो. नोकरीत मी गुंडांना घाबरलो नाही; भीती वाटली ती अशा आज्ञाधारकांची.

मी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला. फोन करणारे साहेब भडकले. बदलीचा कागद हातात पडण्याआधी मी दोषारोपपत्र कोर्टात दाखल केलं आणि मग खुशाल सामान बांधलं.

आदेश त्याला आला होता, तसा मलाही आला होता. मी पाळला नाही.