साडूच्या घरची शांतता

आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे मशीनमन सगळ्या गल्लीत 'तबकडीवाले' म्हणून ओळखले जातात. उभी हयात त्यांनी वर्तमानपत्राच्या छापखान्यात काढली. खोलीएवढं मोठं यंत्र, त्याच्यापुढे बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागे, आणि तिथे ते रोज उभे. घरी आल्यावर साबणाने हात दोनदा धुवायचे, पंच्याने पुसायचे, नखं उजेडात धरून बघायची आणि मगच लाकडी कपाट उघडायचं. त्या कपाटात त्यांच्या गाण्यांच्या तबकड्या होत्या. तबकडी धरताना हा धिप्पाड माणूस झोपलेलं तान्हं मूल उचलल्यासारखा वाकायचा.

सासुरवाडीत या गृहस्थांचा एवढाच काय तो मान होता. त्यांचे साडू विमा कंपनीत अधिकारी. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून नात्यानेही मोठे. घर मोठं, पगार मोठा, गाडी आधी त्यांचीच आली. "केससुद्धा त्यांनाच जास्त," असं तबकडीवाले एकदा टकलावरून हात फिरवत म्हणाले होते. पण गाणं ऐकायचं झालं की सासुरवाडीची झाडून सगळी माणसं रविवारी दुपारी यांच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसत, आणि साडू चहाचा कप घेऊन खालच्या सतरंजीवर. त्या दोन तासांसाठी तबकडीवाले आठवडाभर छापखान्याचा गोंगाट सहन करत, असं मला वाटे.

मग साडू निवृत्त झाले आणि त्यांनी गाण्यासाठी कॉम्प्युटर बसवला.

बातमी आली ती अशी, की हा कॉम्प्युटर आवाजच करत नाही. एरवी कॉम्प्युटर सुरू केला की आतला पंखा घुरघुरतो, डिस्क कुरकुरते. साडूंच्या पेटीत पंखाही नाही आणि फिरणारं काहीच नाही. पेटीच्या पाठीला धातूच्या पट्ट्या आहेत, त्यांतूनच उष्णता निघून जाते. शेजारी एक छोटी डबी, ती कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करते आणि स्पीकरकडे धाडते. गाणी सगळी फाइलींमध्ये. तबकडी पुसायला नको, सुई बदलायला नको.

"कानामागून आली आणि तिखट झाली," तबकडीवाले म्हणाले. "कालपर्यंत साडूच म्हणत होते, व्हायोलिन कुठलं आणि सारंगी कुठली ते कळत नाही!"

त्यांची बायको आपल्या ताईकडे, म्हणजे साडूंच्या घरी, जाऊन ऐकून आली. ती घरी शिवणकाम करते. बोलणं कमी, पण बोलली की टाका अचूक. यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसं आहे?"

"छान आहे."

"छान म्हणजे?"

तिने दोरा दाताने तोडला. "म्हणजे, बाई गातात तेव्हा मध्ये कोणी नसतं. त्या आणि आपण."

हे वाक्य त्यांच्या फारच जिव्हारी लागलं. इतकी वर्षं आपल्या तबकडीच्या खरखरीतून बायकोने गाणं ऐकलं, एका शब्दाने तक्रार केली नाही. आणि साडूच्या दिवाणखान्यात एका दुपारी तिला 'मध्ये कोणी नाही' असं वाटलं. पुढच्या रविवारी ती काजे-बटणांची पिशवी घेऊन ताईकडे गेली. त्याच्या पुढच्याही. हळूहळू बाकीची मंडळीही तिकडे वळली. दुपारी माझ्या भिंतीपलीकडे तबकडी वाजायची, आणि ते एकटेच ऐकत आहेत हे आवाजाच्या उंचीवरून कळायचं. लोक असले की ते आवाज हळू ठेवत.

"जळतोय का मी?" त्यांनी एकदा मला गॅलरीतून विचारलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "जळतोय. उगाच कशाला खोटं बोला! त्याने घर बांधलं, मी म्हटलं बांधू दे. गाडी घेतली, घेऊ दे. पण माझी बायको रविवारी त्याच्या घरी डोळे मिटून बसते, मास्तर. माझ्याकडे ऐकताना तिने कधी डोळे मिटले नाहीत. बटणं लावत ऐकायची."

म्हणून त्यांनी ठरवलं, की साडूपेक्षा शांत कॉम्प्युटर आपण करायचा. बायकोचा रविवार परत आणायचा.

सुरुवात हास्यास्पद झाली. छापखान्याने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला. त्याचा पंखा जात्यासारखा घरघरे, म्हणून त्यांनी त्याला जाड रजईत गुंडाळला. आवाज खरंच बंद झाला. थोड्या वेळाने कॉम्प्युटरही बंद झाला. रजई उघडली तर आत इस्त्री ठेवावी तशी धग.

"न्युमोनिया झाला होता का त्याला?" बायकोने विचारलं.

"हस तू. तुझ्या भावोजींना जाऊन सांग, तेही हसतील."

"त्यांना कशाला सांगू? माझं हसणं मला पुरतं."

पण मशीनमन तो मशीनमनच. यंत्र कुठे का आवाज करतं, हे शोधण्यातच जन्म गेलेला. बाजारात हिंडून त्यांनी बिनपंख्याची पेटी मिळवली, फिरत्या डिस्कच्या जागी न फिरणारी बसवली, पेटीच्या पायांखाली रबराचे तुकडे चिकटवले. आवाज करणारी डबी आणली. मग एकेक तबकडी लावून ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायला बसले. खरखर जिथे फार होती तिथे धीर धरून साफ केली, पण गाण्याला ओरखडा येऊ दिला नाही. हे सगळं करताना ते स्पीकरशेजारी वाकून, तळहात कानामागे धरून, वारंवार ऐकत आणि समाधानाने मान हलवत. "काही नाही. एकदम काही नाही."

सगळं जमल्यावर त्यांनी ताई आणि साडूंना रविवारी बोलावलं. मलाही.

आम्ही बसलो. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, स्पीकर सुरू केले आणि गाणं न लावताच हात वर केला. "ऐका!"

"काय ऐकू?" ताई म्हणाल्या.

"काहीच नाही! तेच तर ऐका!"

आम्ही काहीच नाही ते ऐकू लागलो. मला तर खरोखरच काही ऐकू येत नव्हतं. साडूंनी मान एका बाजूला कलती केली. ताईंनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीने हातातल्या सुईत दोरा ओवायला घेतला. तो आधीच ओवलेला होता.

"छान झालंय हो," साडू म्हणाले. एवढंच. मग चार गाणी झाली, चहा झाला, आणि ती दोघं नेहमीपेक्षा लवकर उठली.

दार लागलं आणि तबकडीवाल्यांनी माझा दंड धरला. "पाहिलंत ना तोंड? जळला! अहो, शब्द फुटेना त्याच्या तोंडातून! कसंनुसं 'छान झालंय' म्हणाला!" इतकं खूश मी त्यांना त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात ते भाजी आणायलासुद्धा शीळ घालत गेले.

रविवारी दुपारी त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर नाही, तर स्पीकरपासून सारख्या अंतरावर शेजारी-शेजारी मांडल्या. बायकोची आवडती गायिका लावायची, असं ठरवून ठेवलं होतं. आणि बायको पिशवी घेऊन चपला घालू लागली.

"कुठे?"

"ताईकडे जाऊन येते."

पुढचं बोलणं मला तिनेच नंतर सांगितलं, पण आवाज तर भिंतीतूनही येत होता. तबकडीवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "आता काय राहिलंय तिकडे? पेटी तशी, डबी तशी. गाणी तर माझ्याकडे जास्त! तिथे असं काय आहे, जे इथे नाही?"

"तिथे काही नाही," ती म्हणाली. "इथे आहे."

"काय आहे?"

तिने पिशवी खाली ठेवली. "शिट्टी. बारीक. डास कानाजवळून जातो तशी, पण जातच नाही. गाणं थांबलं की ऐकू येते, चालू असलं तरी येते. डोकं दुखतं हो माझं."

"खोटं. काही नाहीये. मी कान लावून ऐकलंय."

"तुम्ही ऐकलंय," ती हळूच म्हणाली.

त्यांनी पुन्हा एकदा स्पीकरला कान लावून पाहिला. मग म्हणाले, "त्याला आली होती ऐकू?"

"ताईला आली, भावोजींना आली. मीच डोळ्यांनी खुणावलं, की बोलू नका. तुम्ही इतके आनंदात होता."

म्हणजे साडू जळले नव्हते. साडूंनी दया केली होती. मला वाटतं, आयुष्यातल्या सगळ्या हेव्यादाव्यांपेक्षा हे त्यांना जास्त झोंबलं. शत्रूने मारलं तर माणूस भांडतो. शत्रूने सांभाळून घेतलं तर कुठे जायचं?

ते छापखान्यातले होते, तेव्हा आवाजाची शहानिशा यंत्रावरच करणार. त्यांनी कॉम्प्युटरवर एक सूर लावला, जो खालपासून हळूहळू चढत जातो, बारीक बारीक होत. "ऐकू येतोय तोवर हात वर. थांबला की खाली." दोघांनी हात वर केले. सूर चढू लागला. थोड्या वेळाने यांच्या लेखी तो संपला, यांनी हात खाली घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. तिचा हात वरच होता. खोलीत काही म्हणता काही नव्हतं, आणि बायको हात वर करून, डोळे मिटून, कशाकडे तरी कान देऊन उभी. तिच्याच घरात ती जिथे पोचत होती, तिथे त्यांना प्रवेश नव्हता. छापखान्यातल्या त्या मोठ्या यंत्राने आपल्या कानांची वरची पट्टी केव्हा खाऊन टाकली, हे त्यांना कळलंच नव्हतं.

"मास्तर, मला त्या वेळी साडूचा राग नाही आला," ते मला म्हणाले. "तिचा आला. बायकोच्या कानांचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगणार?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टूल ओढून तिला पेटीशेजारी बसवलं. आता कान तिचे आणि हात यांचे. ते एकेक वायर काढत आणि विचारत, "आहे?"

"आहे."

"आता?"

"आहे."

"आता?"

"अहो, तुम्ही काहीच काढलं नाहीत अजून."

"बघत होतो, खरं सांगतेस का."

शिट्टी निघाली ती पेटीतून नव्हे, तर पेटीला वीज देणाऱ्या हलक्या, बाजारी ॲडॅप्टरमधून. पलंगाखाली दडवलेली ती काळी, साबणाच्या वडीएवढी वस्तू. तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, कारण ती हलत नव्हती, आणि त्यांच्या मते जे हलत नाही ते आवाज करत नाही. आता तिच्याऐवजी काय आणायचं, हे साडूंना माहीत होतं. फोन करावा लागणार होता.

त्यांनी फोन उचलला आणि ठेवला. मग गॅलरीत येऊन कुंड्यांना पाणी घातलं; त्यांना मी एरवी पाणी घालताना कधी पाहिलं नाही. शेवटी फोन केला. "हां, साडूबुवा... नाही, तब्येत बरी आहे... ते तुमच्या पेटीला वीज कुठून घेता हो?" पलीकडून बरंच काही सांगितलं जात होतं. "हो. हो. ऐकू येत होती तुम्हाला, कळलं मला. ...बरं, बरं, उपकार राहू द्या, नाव सांगा."

साडूंनी नाव सांगितलं नाही. संध्याकाळी स्वतःच आले, हातात पिशवी, पिशवीत विटेसारखी जड, जुन्या घडणीची विजेची पेटी. "माझ्याकडे जास्तीची होती." आणि अर्थातच म्हणाले, "तसं तुमचं काम छान झालंय. एवढंच राहिलं होतं." ते 'एवढंच' तबकडीवाल्यांना अजून पचलेलं नाही.

रविवारी बायको घरी राहिली. ताई आणि साडूही आले, कारण विजेची पेटी त्यांची होती. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. तबकडीवाल्यांनी त्या गायिकेची जुनी तबकडी लावली, म्हणजे तिची फाइल. या वेळी त्यांनी 'ऐका' म्हटलं नाही. बायकोने काजे-बटणांची पिशवी आणलीच नव्हती. तिने डोळे मिटले.

पहिल्या कडव्याच्या आधी ती किंचित हसली. त्याच क्षणी समोरच्या खुर्चीत साडूही हसले. दोघांनी डोळे उघडून एकमेकांकडे पाहिलं, आपण कुठेतरी एकाच दारातून आत गेलो, असं. माझ्या आणि तबकडीवाल्यांच्या कानांवर मात्र गाण्यातलं ते बारीक काही आलंच नव्हतं.

तबकडीवाले उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि बायकोच्या व साडूंच्या बरोबर मध्ये आणून ठेवली. स्पीकरच्या दृष्टीने ती जागा चुकीची होती. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे ते पाठ ताठ करून बसले आणि बायकोकडे झुकून म्हणाले, "काय होतं?"

ती त्यांच्या कानाशी गेली, छापखान्यात बोलत तशी अगदी तोंड लावून, आणि काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होती. ते मान हलवत होते.

"काय म्हणतेय?" मागून साडूंनी मान लांब करून विचारलं.

"काही नाही," तबकडीवाले मागे वळूनही न बघता म्हणाले. "आमचं घरचं बोलणं आहे."