फुलवंताची भिंत आणि लोकेंद्रची मशीन

अंगण पाहावं तर फुलवंताचं, असं चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या त्या गावात सगळे म्हणत, आणि सगळे म्हणतात हे फुलवंताला नीट ठाऊक होतं. घर मातीचं, छपरावर कवेलू. पण ओसरीची भिंत छुईनं, म्हणजे तिकडच्या पांढऱ्या मातीनं, अशी पोतलेली की दुपारी तिच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागत. नवरा ग्यानीराम म्हणायचा, हिला धान कापायला लावा, दमेल. सारवायला लावा, तर गाव सारवून घरी येईल.

शेजारी धाकटी जाऊ ओमेश्वरी राहायची. वाटण्या झाल्यावर तिनं आणि दीर केशोरावांनी स्लॅबचं घर बांधलं, पुढं सिमेंटचं अंगण केलं. घर उभं राहिलं तेव्हा फुलवंताच्या पोटात जे दुखलं, ते पहिल्या पावसाळ्यापर्यंतच. कारण त्या सिमेंटवर शेवाळ चढलं. आधी हिरवं, मग काळं. ओमेश्वरी काथ्यानं घासायची, ब्लीचिंग टाकायची, पुढच्या पावसात पुन्हा तेच. एकदा तर केशोराव त्यावर सपशेल आडवे झाले. फुलवंता हळद-तेल घेऊन धावत गेली, आणि परत येताना इतकी खूश होती की तिची तिलाच लाज वाटली. थोडी.

तिच्या जिवाला खरी गोडी होती ती मंडईच्या दिवसाची. दिवाळीनंतर तिकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकीबाळी आणि सोयरेधायरे येतात. मोठी नणंद सुशिलाबाई यायची आणि थेट फुलवंताच्या अंगणात खुर्ची टाकायची. एकदा ती बसली की बाकीची पाहुणेमंडळी तिच्याभोवती. ओमेश्वरीला चहाची किटली घेऊन इकडंच यावं लागे. एवढा एक दिवस फुलवंता वर्षभर पुरवून खात असे.

आणि यंदा दिवाळीच्या तोंडावर ओमेश्वरीच्या लोकेंद्रनं गोंदियाहून ती मशीन आणली.

पिवळी, चाकांची, मागं पाइप नळाला आणि पुढं बंदूक. पोरानं बंदुकीचा घोडा दाबला, मशीन करवादली, आणि पाण्याची धार गेली तिथं काळं सिमेंट पांढरं झालं. फुलवंता कुंपणाशी तुळशीला पाणी घालत होती. तुळस बुडाली तरी तिचा हात थांबेना. इतक्या वर्षांचं शेवाळ, तिचं हक्काचं शेवाळ, दुपारपर्यंत नालीतून वाहून गेलं. मग पोरानं मोटरसायकल धुतली, फाटक धुतलं, पंख्याची पातीसुद्धा धुतली.

"मोठ्या आई, यंदा मंडईले आत्याबाईची खुर्ची आमच्याकडं हं!" तो हसत ओरडला.

"टाक ना बाबा, तुयंच घर हाय," फुलवंता म्हणाली, आणि घरात जाऊन उगाच भांडी आपटू लागली.

"काऊन वो, का झालं?" ग्यानीरामनं विचारलं.

"काही नाई. पानी किती वाया घालवून राहिला तो पोट्टा!"

त्या दिवसापासून तिला स्वतःची भिंत डोळ्यांत खुपू लागली. पावसानं खालच्या अंगाला लाल मातीचे शिंतोडे उडाले होते, जुन्या छुईचे पापुद्रे सुटले होते. दरवर्षी ती खापरीनं ते पापुद्रे खरवडायची, ओला बोळा फिरवायची, मग नवी छुई. गुडघे दुखत, पण कधी खुपलं नव्हतं. आता वाटू लागलं, हे खरवडणं म्हणजे भिकाऱ्याचं काम.

मंडई दोन दिवसांवर आली. ओमेश्वरीकडची सगळी खरेदीला तिरोड्याला गेली, आणि नेहमीप्रमाणं किल्ली फुलवंताकडं ठेवून गेली, गाईला चारा टाकायला. फुलवंतानं चारा टाकला. पडवीत मशीन उभी होती. कुंपणाआडून पाहून पाहून तिला सगळं पाठ झालं होतं. एका भिंतीचं तर काम, कोणाला कळणार आहे! तिनं मशीन ओढत आणली, पाइप जोडला, पिन लावली आणि घोडा दाबला.

पहिला पापुद्रा उडाला तेव्हा ती खुशीत हसली. शिंतोडे गेले, जुनी छुई गेली. मग छुईखालची माती गेली. मग मातीतला कोंडा आणि धानाचं तणस बाहेर लोंबू लागलं. तिला वाटलं, आतली घाण निघते आहे, म्हणून तिनं धार आणखी जवळ धरली. बाई मातीची, घर मातीचं, जन्म मातीत हात घालण्यात गेला, आणि पाण्यासमोर माती टिकत नाही एवढं तिला त्या घटकेला सुचलं नाही. मत्सर माणसाला आंधळं करतो म्हणतात. फुलवंताला दिसत होतं, पण शेजारचं सिमेंट दिसत होतं. धपकन मोठं ढेकूळ सुटलं आणि भिंतीला डोकं जाईल एवढं भगदाड पडलं. आत चुलीजवळ बसलेला ग्यानीराम तिच्याकडं बघत होता.

"अवो, दरवाज्यातून पानी मागितलं असतं तर देल्लं असतं मी," तो म्हणाला.

नेमकी तेव्हाच ओमेश्वरी परतली. फुलवंता हातात बंदूक धरून चिखलात उभी. ही आता हसेल, गावभर सांगेल, पाहुण्यांपुढं नकला करेल, या विचारानं तिच्या अंगाची लाही झाली. ओमेश्वरीनं आधी मशीनकडं पाहिलं, मग भगदाडाकडं. पिशवी ठेवली आणि पदर खोचला.

"जाऊबाई, माती भिजवा. तनस बारीक करा. आज लिपली तर मंडईपावत वाळते."

"तुले येते?"

"माहेरी सारं घर मीच लिपत होती. इथं तुम्ही हातच लावू नाई देल्ला."

खरं होतं ते. एकत्र घर असताना नव्या सुनेला फुलवंतानं भिंतीपाशी फिरकू दिलं नव्हतं. आता ती चिखल तुडवत उभी राहिली आणि ओमेश्वरीचा हात पाहू लागली. हात कसा फिरत होता! बोटाचा वळ नाही, उंचवटा नाही. जणू पोळीला तूप लावत होती. दुसऱ्या दिवशी वर छुईचा हात दिल्यावर तो तुकडा उरलेल्या भिंतीहून देखणा दिसू लागला. उपकार झाले हे फुलवंताला कळत होतं. तरी मशीन पाहून जितका जळला नव्हता तितका तिचा जीव आता जळला. मशीन काय, कोणीही विकत आणेल.

मंडईच्या दिवशी सुशिलाबाई आली. लोकेंद्रनं सिमेंटवर खुर्ची मांडली होती; बाईंनी ती उचलायला लावून फुलवंताच्या अंगणात आणवली. फुलवंताचा जीव भांड्यात पडला. बाईंनी भिंतीला पाठ टेकली, मग वळून त्याच जागेवरून तळवा फिरवला.

"फुलवंता, हे का वो? यंदा हात लई सुधरला तुया!"

ओमेश्वरी किटली घेऊन शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. बोलणारही नव्हती, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं, आणि तेच फुलवंताला सोसेना. हिचा हात वापरला, आता हिची मेहेरबानीही खायची?

"माया नाई बाई," ती कशीबशी म्हणाली. "तो ओमेश्वरीचा हात हाय."

"तरीच!" सुशिलाबाई म्हणाली. "मी म्हनलंच, इतक्या वर्साचं आजच कसं सुधरलं! पुढच्या खेपेले आख्खी भिंत तिलेच करू दे."

"हो बाई," फुलवंता म्हणाली, आणि खोटं बोलले असते तर किती बरं झालं असतं, असं तिला चहा संपेपर्यंत वाटत राहिलं.