केटररचं ताट

पौषात लग्नं नसतात, म्हणून मला पळायला हॉल मिळाला. नाशिक रोडला आमच्या सरांच्या ओळखीचं एक मंगल कार्यालय होतं. आशियाई इनडोअर स्पर्धेत तीन हजार मीटरसाठी माझी निवड झाली होती आणि इनडोअर म्हणजे छपराखाली पळायचं, एवढंच मला ठाऊक होतं. स्पर्धेतला ट्रॅक दोनशे मीटरचा, वळणं आखूड आणि आत कललेली. नाशकात असला ट्रॅक कुठला? सरांनी खुर्च्या भिंतीला लावल्या, खडूनं फरशीवर लंबगोल आखला आणि हेच तुझं स्टेडियम म्हणाले. स्टेजवरच्या नवरदेवाच्या खुर्चीत माझी पाण्याची बाटली असायची. मैत्रिणी म्हणायच्या, स्थळ बरं आहे, उलटून बोलणार नाही.

त्या हॉलमधली एक फेरी जेमतेम ऐंशी मीटरची. तीन हजार भरेपर्यंत डोकं गरगरायचं आणि मोजायला गेलं की हमखास चुकायचं. शेवटी सर वैतागले. "मोजायचं माझं काम," ते म्हणाले, "पळायचं तुझं."

तेव्हापासून मी मोजणं सोडलं. शेवटची फेरी आली की सर केटररचं स्टीलचं ताट पळीनं बडवायचे. ताट वाजलं की अंगात उरलंसुरलं सगळं ओतायचं आणि रेघ आली की थांबायचं. महिनाभर रोज हेच. पुढं पुढं तर सरांनी पळी नुसती उचलली तरी माझ्या छातीत धडधडायला लागायचं. स्पर्धेत ताटाऐवजी घंटा असते, एवढाच काय तो फरक, असं सर म्हणाले. घंटा मला नवी नव्हती. पण जिल्ह्यात, राज्यात मी कायम पुढंच असायचे, त्यामुळं वाजली ती घंटा आजवर माझ्यासाठीच वाजलेली होती. हे तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मला पदक नको होतं. खेळाडूंच्या कोट्यातल्या एका नोकरीसाठी माझा अर्ज गेला होता आणि त्याला आशियाई स्पर्धेतला पहिल्या आठातला क्रमांक जोडायचा होता. वयाच्या अटीत बसायचं माझं ते शेवटचंच वर्ष होतं. आमचं घर सुरगाण्याच्या डोंगरात. भात, नागली निघाली की आई जीपमध्ये बसून दिंडोरीकडं द्राक्षांच्या बागांवर मजुरीला, आमच्या भाषेत जगायला, जायची. तिचे गुडघे गेले होते, तरी जायची. मला नोकरी लागली की तिनं घरी बसायचं, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. तिनंही बागेच्या मालकाला सांगितलं होतं की पुढच्या साली मी नाही यायची.

सरांना संघाबरोबर जागा नव्हती. ते नाशकात मोबाईलवर बघत बसले होते.

शर्यतीत आम्ही बाराजणी होतो. त्या बंद हॉलमधल्या कोरड्या हवेनं माझा घसा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच सोलून निघाला. तरी मी आठवी होते. नववी बरीच मागं होती, वळणावर मान वळवून मी दोनदा खात्री करून घेतली. आता फक्त पडायचं नाही, एवढंच मी स्वतःला बजावत होते. तेवढ्यात सगळ्यांत पुढची मुलगी मागून आली, मला एका पूर्ण फेरीनं मागं टाकून पुढं गेली आणि रेघेवर घंटा वाजली.

घंटा तिची होती, तिच्या शेवटच्या फेरीची. माझ्या पायांना ते कुणी सांगायचं? मी जीव खाऊन सुटले. आयुष्यात इतक्या जोरात मी कधी पळाले नसेन. रेघ ओलांडली आणि गुडघ्यांवर हात टेकून थांबले. एक पंच हात हलवत इंग्रजीत काहीतरी ओरडत होता. मला वाटलं, वाट अडवू नको म्हणतोय. मी शहाण्यासारखी ट्रॅक सोडून आत गेले आणि खाली बसले. मला इतका आनंद झाला होता की हसू आवरत नव्हतं.

मग नववी माझ्यासमोरून गेली, दहावी गेली, आणि त्या थांबल्या नाहीत. पळतच राहिल्या. माझी एक फेरी बाकी होती. उठून परत ट्रॅकवर जाऊ लागले तर पंचानं हात आडवा धरला. ट्रॅक सोडला की शर्यत संपली. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढं क्रमांकच नव्हता. हातातोंडाशी आलेला घास मी माझ्याच हातानं टाकला होता. मला मरून जावंसं वाटलं, ते मी इथं लपवत नाही.

सरांना फोन लावला. ते म्हणाले, "चूक माझी आहे. मोजायला तुला मीच विसरायला लावलं." मला त्यांना शिव्या द्यायच्या होत्या आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायचंही होतं. मी फोन ठेवून दिला.

परत आल्यावर घरी न जाता थेट दिंडोरीकडच्या बागेत गेले. आई वेलीखाली वाकून घड काढत होती. तिला सगळं सांगितलं. घंटा, रेघ, पंच, सगळं. तिनं हातातली कात्री न थांबवता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येकच फेरा राह्यला ना? मंग त्याह्यला सांग, आता पळून देते."

मी तिच्यावर ओरडले. तुला काही कळत नाही, असं काहीतरी बोलले. बाजूच्या ओळीतल्या बाया वळून बघायला लागल्या. आईनं कात्री क्रेटवर ठेवली, पदरानं हात पुसले आणि बांधावर झाडाच्या सावलीत बसलेल्या मालकाकडं निघाली. पुढच्या साली येते, हे त्याला सांगायला.