दिनकर नव्हे, नूरमहंमद

आमच्या दवाखान्याच्या गाडीवर नूरमहंमद नावाचे ड्रायव्हर होते, आणि अर्धा पाथर्डी तालुका त्यांना दिनकर म्हणायचा. हा दिनकर रेडिओतला. दुष्काळाच्या त्या वर्षी दर रविवारी सकाळी रेडिओवर दवाखान्याच्या गाडीचं एक नाटक लागायचं. त्यातला दिनकर ड्रायव्हर आणि त्याचा कंपाउंडर दर आठवड्याला कुणाला ना कुणाला मरणाच्या दारातून परत आणायचे. ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावर ते सुरू झालं की चावडीपुढं माणूस मावत नसे. बाया डोक्यावरचं दळण खाली न ठेवता उभ्या राहायच्या. जुने भाग परत लावले तरी लोक परत ऐकायचे, आणि शेवट तोंडपाठ असूनही ऐन वेळी श्वास रोखून धरायचे.

मला त्या नाटकाचा भारी राग यायचा. मी तिथं नर्स होते, संगमनेरहून बदलून आलेली आणि तोंडाची फटकळ. दिनकरची गाडी कधी पंक्चर होत नसे, त्याचं डिझेल संपत नसे, त्याच्या वाटेत ओढा आला तरी पाणी नेमकं ओसरलेलं असे. आमच्या गाडीचं मागचं दार सुतळीनं बांधलेलं. बरं, पेशंट जगावा म्हणून हा दिनकर करायचा काय, तर मागं वळून खणखणीत आवाजात म्हणायचा, "डोळे मिटू नका, गाव आलं!" एवढं म्हटलं की पेशंट जगलाच म्हणून समजा. एवढ्यावर माणसं जगत असती तर सरकारनं मला पगार कशाला दिला असता?

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. हे नाटक यायच्या आधी लोक आमच्या गाडीत चढायलाच तयार नसत. आम्हाला बोलवायचे अगदी शेवटी, सगळे उपाय थकल्यावर, आणि मग नगरला नेलेलं माणूस पुष्कळदा त्याच गाडीतून मढं होऊन परत यायचं. पांढरी गाडी गावात शिरली की बाया पोरांना घरात ओढून घ्यायच्या. नाटक सुरू झालं आणि लोक वेळेवर निरोप धाडायला लागले. ज्यांच्याकडं आयुष्यात काही वेळेवर आलं नव्हतं, ना पाऊस, ना तलाठी, ना मोटार, त्यांना रविवारी अर्धा तास वेळेवर येणारी गाडी ऐकायला मिळायची. त्याच गोष्टीवर लोक भाळले होते, असं माझं मत आहे.

नूरभाई मात्र दिनकर व्हायला तयार नव्हते. उंच, हडकुळे, खाकी सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावणारे. स्टँडवरच्या हॉटेलात लोक त्यांची खेचायचे, "दिनकरराव, म्हणा की एकदा!" ते बशीतला चहा संपवून शांतपणे म्हणायचे, "गाव आलं न्हाई तर कसं म्हनू?" पुढं पुढं तीच तालुक्यात थट्टेची गोष्ट झाली. नूरभाईला लाख द्या, पण तो ते वाक्य म्हणणार नाही.

त्यामागचं कारण मला एकदा त्यांनीच सांगितलं होतं. नाटक नवं होतं तेव्हा साप चावलेल्या एका गड्याला ते नगरला नेत होते. गडी फार घाबरला होता, म्हणून नूरभाईंनी वाटेत दिनकरचं वाक्य म्हटलं. तो हसला, निश्चिंत होऊन त्यानं डोळे मिटले, आणि गाव यायच्या आत गेला. त्याची बायको दवाखान्याच्या ओट्यावर नूरभाईंसमोर उभी राहिली नि म्हणाली, "गाव आलं म्हनला हुता न्हवं तुमी?" रडली नाही, भांडली नाही, एवढंच विचारलं. त्या दिवसापासून नूरभाई पेशंटशी खरं तेच बोलायचे, आणि खरं बोलण्यासारखं नसलं तर गप्प राहायचे.

चैत्रातल्या एका दुपारी पाझर तलावाच्या कामावरून निरोप आला. तिथं माती वाहणारी मनकर्णा नावाची पोरसवदा बाई कामावरच बाळंत झाली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा बाभळीखाली चार लुगड्यांचा आडोसा केलेला होता. मुलगा झाला होता आणि चांगला रडत होता. वारही पडली होती, पण रक्त थांबत नव्हतं. माझ्याजवळचं इंजेक्शन मी दिलं. पिण्याचं तांब्याभर सोडलं तर तिथं पाणी नव्हतंच, म्हणून नूरभाईंनी इंजिनासाठी ठेवलेला पाण्याचा डबा आणून दिला. त्यात बाळ पुसलं, मनकर्णाला पुसलं, डबा रिकामा झाला. रक्ताचा ओघ कमी झाला पण थांबला नाही. तिला नगरला मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवणं भाग होतं.

तिची सासू झुंबरबाई आडवी आली. तिचा मुलगा, म्हणजे मनकर्णाचा नवरा, कोपरगावकडं ऊस तोडायला गेलेला, त्याच्या माघारी सून गाडीत घालून द्यायची तिची छाती होईना. मग तिनं ड्रायव्हरकडं पाहिलं.

"दिनकर का रं तू?" तिनं विचारलं.

"नूरमहंमद, मावशी."

"त्योच की. मंग चला."

पाण्याचा तांब्या घेऊन ती सुनेच्या उशाशी चढून बसली.

मी मनकर्णाच्या छातीशी बाळ लावलं. बाळ ओढायला लागलं की गर्भपिशवी आवळते आणि रक्त आटोक्यात येतं. वरून मी तिचं पोट चोळत होते. पण त्यासाठी ती शुद्धीवर हवी होती. तिची मान लवंडली की हात सैल पडायचा, बाळ छातीवरून घसरायचं, आणि माझ्या हाताखाली पोट पुन्हा कणकीसारखं मऊ लागायचं. तिनं डोळे मिटू नयेत, एवढ्यावरच सगळं येऊन थांबलं होतं.

नूरभाई पुढून खरं खरं सांगत होते. "तिसगाव गेलं, पोरी. करंजी दिसतीया. अजून घाट हाय." मनकर्णा सुरुवातीला हुंकार देत होती. करंजी मागं पडली तेव्हा हुंकार बंद झाला. गाडी घाट चढायला लागली आणि बॉनेटमधून वाफा आल्या. निम्म्या घाटात गाडी थांबली.

नूरभाईंनी उतरून रेडिएटरचं झाकण काढलं, तसा त्यांचा हात चांगलाच भाजला. आत ठणठणाट. झुंबरबाईनं तांब्या पुढं केला, "पोरीच्या घोटापुरतं ठिवते, बाकी घाल." पण तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतून चालत नाही, थोडं निवू द्यावं लागतं. नूरभाई तांब्या धरून बॉनेटपाशी उभे राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मनकर्णाचे ओठ मातकट झाले होते, नाडी माझ्या बोटाला लागत होती नि सुटत होती. मी तिला चापट मारली, तिचं नाव घेऊन ओरडले, मुलगा रडतोय म्हणून सांगितलं. तिला कशाचं काही नव्हतं. पापण्या खाली येत होत्या आणि बाळ पुन्हा घसरलं.

"म्हन की रं मुडद्या!" झुंबरबाई किंचाळली. "त्ये तुजं म्हन की येकदा!"

नूरभाई दाराशी आले. त्यांनी मनकर्णाकडं पाहिलं आणि मान हलवली. "अजून निम्मा घाट हाय, मावशी. कसं म्हनू?"

आणि त्या नाटकावर उभा दावा धरलेली मी, त्यांच्यावर ओरडले, "तुमचं खरं-खोटं घाला चुलीत, नूरभाई! ही चाललीय माझ्या हातातून. म्हणा ते, पाया पडते तुमच्या!"

एवढं बोलून मला रडू फुटलं. दिनकर खोटा होता हे मला ठाऊक होतं. तरी त्या क्षणी जगात दुसरं काही उरलं नव्हतं माझ्याकडं.

नूरभाईंचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांना हात तोडून द्यायला सांगितलंय. ते आत वाकले. तांब्यातलं पाणी सांडू नये म्हणून एक हात बाहेरच ठेवला होता. दिनकरसारखा खणखणीत आवाज काही त्यांना जमला नाही. हळूच, अडखळत म्हणाले, "मनकर्णा, डोळं मिटू नको. गाव आलं."

मनकर्णानं डोळे उघडले. नुसते उघडले नाहीत, फाडले. नूरभाईंकडं एकटक बघितलं, आणि बाळावरचा हात आवळला. मी बाळ पुन्हा छातीशी लावलं. ते ओढायला लागलं, आणि हळूहळू माझ्या हाताखाली पोट घट्ट व्हायला लागलं. पुढं गाडीत पाणी कधी ओतलं, घाट कधी संपला, मला नीट आठवत नाही. मी फक्त ते दोन डोळे बघत होते. भिंगार गेलं तरी ते मिटले नव्हते. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं तेव्हाही ती टक्क जागी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला बघायला गेलो. नूरभाई यायला तयार नव्हते, मी त्यांना हाताला धरून ओढत नेलं. रक्ताची बाटली चढवून झाली होती आणि ती उशाला टेकून बसली होती. झुंबरबाई सगळ्या वॉर्डाला दिनकरची गोष्ट सांगत होती. नूरभाई कॉटपासून लांबच उभे राहिले, भाजलेला हात पाठीमागं धरून.

"पोरी," ते म्हणाले, "मी काल तुज्याशी खोटं बोललो. गाव आलं न्हवतं."

"ठावं हाय मला," मनकर्णा म्हणाली. "आमी बी हाटेलावरनं जातोच की पान्याला. तुमी त्ये कंदीच म्हनत न्हाई, समद्या तालुक्याला ठावं हाय. तुमी म्हनला, तवा मला कळलं का मी मराया लागले. आसं भ्याव वाटलं, आसं भ्याव वाटलं, का डोळा मिटायची छातीच झाली न्हाई."

झुंबरबाईचं बोलणं मध्येच थांबलं. नूरभाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मनकर्णानं पोराला पदराखाली घेतलं आणि पुन्हा त्यांच्याकडं मान वर केली. आता तिचा आवाज बारीक झाला होता.

"आता खरं सांगा, भाई. मी वाचले न्हवं?"

नूरभाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. मग ते दोन पावलं पुढं आले, कॉटच्या दांडीवर हात ठेवला आणि तिला म्हणाले, "वाचलीस."