पडतापडता शिकलेलं इंग्रजी

इंग्रजी भाषेसाठी माझ्या थोरल्या साडूंइतका मार अख्ख्या वऱ्हाडात कोणी खाल्ला नसेल, आणि तोही शाळेत नव्हे, तर पासष्टी उलटल्यावर, अकोल्यातल्या स्वतःच्या अंगणात! त्यांची एकुलती एक लेक मृणाल नोकरीसाठी आयर्लंडला गेली, तिथल्याच मुलाशी तिनं लग्न केलं आणि दिवाळीला नवऱ्याला घेऊन येते म्हणाली. झालं, साडू पेटले. "जावायासंगं बोलाले मधात पोरीले बसवू का मी?" असं म्हणून त्यांनी मोबाइलवर इंग्रजीचे धडे लावले. धड्यांनी त्यांना झोप येई. मग सापडल्या विनोदी क्लिपा. माणूस शिडीवरून घसरतो, रंगाच्या डब्यात बसतो आणि पडद्यावर खाली त्याचा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत उमटतो!

पण नुसतं पाहून शिकतील ते साडू कसले! शब्द अंगात मुरला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. एकदा मी अमरावतीहून अचानक त्यांच्याकडे गेलो, तर मेहुणी हळद-तेल गरम करत होती आणि साडू एक पाय बादलीत घालून अंगणात आडवे! मी धावलो, तर आनंदानं ओरडले, "बकेट! पाह्य भाऊ, आता जिंदगीत इसरत नाही!" 'ऊप्स' त्यांनी ओट्यावरून घसरून पाठ केलं, 'आउच' कपाटावर डोकं आपटून. 'शट अप' म्हटल्यावर क्लिपेतले सगळे खदखदून हसत, म्हणून ते सौजन्याचं वाक्य आहे अशी त्यांची समजूत झाली. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी फराळाचं आमंत्रण दिलं, तेव्हा साडू हात जोडून विनयानं म्हणाले, "शट अप, सर." मुख्याध्यापक आठवडाभर बोलले नाहीत. साडूंना वाटलं, सर भारावले.

जावई आला. उंच, लाजरा, हसरा. साडूंनी फाटकातच "वॉच आउट!" म्हणून त्याचं स्वागत केलं. तो दचकून खाली वाकला, तसे साडू माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहू लागले. जेवायला पाटोडीची रस्साभाजी होती. पहिल्याच घासाला जावयाचा ठसका छताला भिडला, आणि साडू "वॉटर! वॉटर!" करत अख्खी बादली घेऊन धावले. जावई डोळे पुसत इतका हसला, की मेहुणीही हसू लागली. मग मात्र तो इंग्रजीत बोलत सुटला, घडाघडा, न थांबता. साडूंचा चेहरा उतरला. मला बाजूला ओढून म्हणाले, "क्लिपेतला मानूस एक शबुद बोलते अन् पडते. हा तं पडूनच नाही राह्यला, गा!"

आठ-दहा दिवस असेच हसण्यात गेले. पण मला दिसत होतं, साडू काहीतरी शोधत होते. सकाळी मोबाइल कानाशी धरून बसत आणि मान हलवत. निघायच्या दिवशी अकोला स्टेशनावर ते कळलं. मृणाल आईच्या गळ्यात पडली होती. साडूंनी जावयाचा हात हातात घेतला. इतके शब्द अंगावर वळ उठवून कमावलेले, त्यातला एकही कामाचा नव्हता. शेवटी ते हळूच म्हणाले, "जावाईबापू, एकच लेक हाय आमाले. तिले जपजा."

जावयानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मग मेहुणीकडून ऐकून ऐकून उचललेले दोन शब्द त्यानं जपून उच्चारले, "हो जी."

गाडी गेली. फलाट रिकामा झाला, तरी साडू हलेनात. मेहुणी पदरानं नाक पुसत पुढे गेली. मग साडूंनी मला विचारलं, "भाऊ, तू तं कॉलेजात शिकलेला. मी त्याले जे बोललो, ते इंग्रजीत कसं म्हनतेत गा?"

मी मनातल्या मनात वाक्य जुळवून पाहिलं. व्याकरणात कुठेच चूक नव्हती. पण त्यात साडूंचा आवाज काही केल्या येईना.

"मलेही नाही येत," मी म्हणालो.