हद्दीबाहेरची राखड

इंजिनाचं सिलेंडर हेड बिडाचं बरं की ॲल्युमिनियमचं, हे पर्यावरणाच्या तराजूत तोलायचं काम माझ्याकडे आलं होतं. बीड जड, म्हणून गाडी जन्मभर जास्त डिझेल पिणार. ॲल्युमिनियम हलकं, आणि आमच्या कंपनीचं तर भंगार वितळवून केलेलं, म्हणजे वीजही कमी. ॲल्युमिनियम जिंकलं. रामदासपेठेतल्या ऑफिसात पेढे वाटले गेले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आत्याकडे गेलो. तिचं गाव बुटीबोरीच्या पलीकडे. तिचे दोन्ही हात लालभडक, फोडांनी भरलेले.

“हे काय झालं वं आत्या?”

“राखड आणली होती भांडे घासाले. नाल्याकाठी ट्रकवाले ढीग टाकून राहिले ना! चुलीच्या राखडीवानी मऊ दिसली. पाणी लावलं त भपकन वास आला, अन् हातच जळाले.”

घरोघरी गॅस आला, तरी पोळ्याला पितळेची भांडी राखडीनंच घासायची, हे काही आमच्या बायका सोडत नाहीत. चूल नाही, म्हणून दिसेल तिथून राखड आणतात.

मी ढीग पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. वितळलेल्या ॲल्युमिनियमवर सायीसारखा मळ धरतो, तो काढून फेकतात, त्याची ही भुकटी. ती ओतणारा ट्रकही आमच्याच भट्टीचा. नाल्याला लागून आत्याची विहीर. एक जोराचा पाऊस, की सगळं पिण्याच्या पाण्यात.

साहेबांना म्हटलं, हे तुलनेत धरा आणि ढीग उचला. ते शांतपणे म्हणाले, “आपला हिशोब गेटपर्यंत. पुढचं आपल्या हद्दीबाहेर.”

वा रे हिशोब! गाडीनं वाचवलेलं डिझेल मोजायला हे गेटबाहेर पार काश्मीरपर्यंत जाणार, आणि मळ मात्र गेटवरच विसरणार. चित भी मेरी, पट भी मेरी! लाजा कशा वाटत नाहीत?

पुढच्या बैठकीला गिऱ्हाईक कंपनीची माणसं होती. मी त्या ढिगातून भरून आणलेला डबा उघडला, भुकटी बशीत ओतली आणि वर ग्लासातलं पाणी टाकलं. बुडबुडे आले, मग मुतारीसारखा उग्र दर्प. पाहुणे नाकाला रुमाल लावून खुर्च्या सरकवू लागले.

“आधी ते बाहेर ने!” साहेब ओरडले.

“बाहेर कुठं नेऊ, साहेब?” मी म्हणालो. “बाहेर माझ्या आत्याची विहीर आहे.”